लांचौ आणि पिवळी नदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांचौ ही चीनच्या वायव्येकडील गान्सू प्रांताची राजधानी. दुनह्वांगची लेणी पाहायला निघालेली बरीच मंडळी इथे फक्त गाडी बदलतात, फार तर एक रात्र काढतात. या शहराला त्याहून जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. प्रवासाची आखणी करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं त्याच दृष्टीने दिली आहेत.

लांचौमध्ये पाहण्यासारखं नेमकं काय आहे? तिथे सगळ्या उंच इमारतीच आहेत असं ऐकलं.

इमारती आहेत, हे खरंच. तटबंदी, कौलारू गल्ल्या, जुने वाडे अशा अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. जुन्या शहराचं फार थोडं शिल्लक आहे आणि तेही विखुरलेलं आहे. पण लांचौचा वारसा वाड्यांमध्ये नाहीच, तो नदी ओलांडण्यात आहे. पिवळी नदी, म्हणजे ह्वांग हो, 5,464 किलोमीटर वाहते. मोठ्या शहराच्या अगदी मधोमध, घरांच्या खिडक्यांतून दिसेल अशी ती वाहते ती इथेच. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये चिंचोळी दरी आणि त्या दरीत पश्चिमेकडून पूर्वेकडे लांबच लांब पसरलेलं शहर. चांगआनहून (आजचं शीआन) मध्य आशियाकडे जाणाऱ्या रेशीम मार्गावरच्या तांड्यांना ही नदी कुठेतरी पार करावीच लागे, आणि त्यासाठीचा मोठा उतार लांचौजवळ होता. पलीकडे गेलं की हेशी नावाचा हजार किलोमीटरचा वाळवंटी पट्टा सुरू होई.

म्हणून इथे फिरताना एकच गोष्ट धरून ठेवा: माणसांनी ही नदी कशी कशी ओलांडली. बर्फावरून, फुगवलेल्या कातड्यांवरून, होड्यांच्या पुलावरून, लोखंडी पुलावरून आणि आता नदीच्या तळाखालून मेट्रोने. यातल्या बहुतेक गोष्टी आजही पाहता येतात, काही करूनही पाहता येतात.

तो प्रसिद्ध लोखंडी पूल कोणता? त्याचं एवढं कौतुक का?

चोंगशान पूल. 1909 साली पूर्ण झालेला हा पिवळ्या नदीवरचा पहिला कायमस्वरूपी रस्त्याचा पूल. त्याआधी या नदीवर माणसांना आणि गाड्यांना पलीकडे नेणारा टिकाऊ पूल नव्हता, कारण पूर आला की तो सगळं वाहून नेई.

पूल बांधायचा करार छिंग राजवटीच्या अखेरच्या काळात, 1906 साली, एका जर्मन व्यापारी कंपनीशी झाला. लोखंडी तुळया, रिव्हेट, सिमेंट अशी बहुतेक सामग्री जहाजाने त्यान्चिन बंदरात उतरली. तिथून रेल्वे होती ती हनान प्रांतापर्यंतच. पुढचा सगळा रस्ता, डोंगर आणि मातीच्या घळी ओलांडत, तो माल घोडागाड्यांनी आणि बैलगाड्यांनी लांचौला आणला. पुलावर उभं राहून एखाद्या तुळईवर हात ठेवा आणि ती तुळई गाडीवर घालून आणणाऱ्या गाडीवानांचा विचार करा. मला तरी पुलाच्या अभियांत्रिकीइतकंच त्या वाहतुकीचं अप्रूप वाटतं.

पाच गाळ्यांचा हा पूल सुमारे 233 मीटर लांब आहे. सुरुवातीला तो सरळ, चौकोनी दिसत असे. आज छायाचित्रांत दिसतात त्या वरच्या कमानी 1954 साली मजबुतीसाठी बसवलेल्या आहेत. 1942 साली त्याला चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांचं नाव दिलं गेलं. चीनमध्ये त्यांना सुन चोंगशान म्हणतात, त्यावरून चोंगशान पूल. चीनच्या यादवी युद्धात, ऑगस्ट 1949 मध्ये, शहराच्या ताब्यासाठी झालेल्या लढाईत पुलावरच्या लाकडी फळ्या जळाल्या, पण सांगाडा टिकला. आता त्यावर वाहनांना बंदी आहे, फक्त चालत जायचं.

दिवसा गर्दी असते, संध्याकाळी तर पाय ठेवायला जागा नसते. सकाळी सातच्या आसपास जा. म्हातारी माणसं व्यायाम करत असतात, नदीचा आवाज ऐकू येतो.

पुलाजवळ एक जाडजूड लोखंडी खांब उभा आहे. तो कशाचा?

तो खांब आवर्जून बघा, बहुतेक लोक त्याच्यासमोरून सेल्फी काढत निघून जातात. लोखंडी पुलाआधी याच जागी सव्वापाचशे वर्षं होड्यांचा तरंगता पूल होता. मिंग राजवटीच्या सुरुवातीला, 1372 साली, तो पहिल्यांदा थोडा वरच्या अंगाला बांधला आणि 1385 साली आजच्या जागी आणला. चोवीस होड्या एकीला लागून एक उभ्या करायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या आणि सगळं साखळदंडांनी दोन्ही काठांवरच्या लोखंडी खांबांना बांधायचं. त्यांतला हा एक खांब, 1376 साली ओतलेला. स्थानिक लोक त्याला ‘सेनापती खांब’ म्हणतात.

हिवाळ्यात नदीत बर्फाचे तुकडे वाहू लागले की होड्या चिरडू नयेत म्हणून पूल सोडवून ठेवत. मग नदी पक्की गोठली की माणसं, गाड्या, जनावरं बर्फावरूनच पलीकडे जात. वसंतात बर्फ फुटला की पुन्हा पूल बांधायचा. हा क्रम दरवर्षी, पिढ्यान् पिढ्या चालला. आता वरच्या अंगाला धरणं झाल्यामुळे नदी पूर्वीसारखी गोठत नाही.

मेंढीच्या कातड्याच्या तराफ्यावर बसणं सुरक्षित आहे का?

लाइफ जॅकेट घालूनच बसवतात, ठरलेल्या टप्प्यातच नेतात आणि नदीला पाणी जास्त असेल तर बंद ठेवतात. पोहता येत नसेल तरी बसायला हरकत नाही. पाण्याची मुळातच भीती असेल तर मात्र बसू नका, कारण तुम्ही पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असता आणि प्रवाह खरोखर जोरात आहे.

तराफा कसा करतात ते काठावर बघायला मिळतं. मेंढीचं कातडं पोट न फाडता अखंड सोलून काढतात, केस काढतात, आतून मीठ आणि तेल लावून मऊ ठेवतात, पाय आणि मान बांधतात आणि एका पायातून हवा भरतात. अशी तेरा-चौदा फुगलेली कातडी लाकडी चौकटीखाली बांधली की लहान तराफा तयार. तो इतका हलका असतो की एकटा माणूस पाठीवर घेऊन चालू शकतो. प्रवाहाविरुद्ध वल्हवणं शक्यच नसल्यामुळे नावाडी खाली उतरल्यावर तो पाठीवर टाकून काठाने परत येई. तिथली म्हणच आहे: उतारावर माणूस तराफ्यावर, चढावर तराफा माणसावर.

मोठ्या तराफ्यांना शेकडो कातडी लागत. त्यांवर लोकर, तंबाखू, धान्य लादून ते नदीच्या वळणावळणाने थेट अंतर्गत मंगोलियातल्या पाओतौपर्यंत जात. रेल्वे आणि रस्ते आल्यावर तो व्यापार संपला. आज जे चालतं ते पर्यटकांसाठी आहे. पण तराफे बनवणारे आणि चालवणारे हात त्याच परंपरेतले आहेत, त्यामुळे याला निव्वळ करमणूक समजू नका.

काठावरचे ते प्रचंड लाकडी रहाट जुने आहेत का?

उद्यानात दिसतात ते नव्याने बांधलेले आहेत, पण बांधणी जुन्या पद्धतीचीच. गोष्ट अशी: लांचौचाच द्वान शू नावाचा अधिकारी सोळाव्या शतकात दक्षिणेत युन्नानकडे नेमणुकीवर होता. तिथे त्याने प्रवाहाच्या जोरावर फिरणारे बांबूचे रहाट पाहिले. गावी परतल्यावर, 1556 साली, त्याने पिवळ्या नदीला झेपेल असा भक्कम लाकडी रहाट उभा केला.

आपल्याकडचं रहाटगाडगं बैल ओढतात, इथे ते काम नदी स्वतः करते. चाकाच्या पात्यांवर प्रवाह आदळतो, कडेला बांधलेली लाकडी भांडी तळाशी भरतात आणि माथ्यावर येऊन पन्हळीत रिकामी होतात. पन्हळीतून पाणी शेताकडे. लांचौला वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. नदी डोळ्यांसमोर, पण शेत काठाच्या कितीतरी वर, अशी स्थिती होती. म्हणून हे चाक पंधरा-सोळा मीटर उंच करावं लागलं. 1952 साली लांचौच्या परिसरात 252 रहाट चालू होते. नंतर विजेचे पंप आले आणि ते एकेक करून थांबले. रहाट बांधायची कला 2006 साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली गेली.

नदीकाठी आणखी काय पाहावं?

पुलाच्या उत्तरेला पांढऱ्या पॅगोड्याचा डोंगर, पायता शान. वर सात मजली अष्टकोनी पॅगोडा आहे. चंगीझखानाला भेटायला निघालेला एक तिबेटी लामा लांचौत वारला, त्याच्या स्मरणार्थ तो उभारला अशी कथा सांगतात. आजची वास्तू पंधराव्या शतकातल्या पुनर्बांधणीची. पॅगोड्यापेक्षाही वरून दिसणारं दृश्य मोलाचं आहे: नदी, पूल आणि दोन डोंगरांमध्ये दाटलेलं शहर एका नजरेत येतं. हे डोंगर पूर्वी उघडेबोडके होते. विसाव्या शतकाच्या मध्याला लोकांनी हिवाळ्यात नदीतला बर्फ पाठीवर वाहून वर नेला आणि त्याच्या पाण्यावर रोपं जगवली. वर चढताना सावली मिळाली की हे लक्षात असू द्या.

दक्षिणेला वूछुआन शान, म्हणजे पाच झऱ्यांचा डोंगर. हान सेनापती ह्वो छ्यूबिंग याने तहानलेल्या सैन्यासाठी चाबूक मारून पाच झरे काढले अशी दंतकथा आहे. तिथली 1202 साली ओतलेली लोखंडी घंटा चुकवू नका. ‘पिवळी नदी माता’ हे 1986 सालचं शिल्पकार ह अ यांचं ग्रॅनाइटचं शिल्प दक्षिण काठावर आहे. पहुडलेली आई आणि तिच्या कुशीतलं बाळ. शिल्प सुरेख आहे, मात्र छायाचित्रासाठी रांग लागते.

एक कमी माहितीची जागा: अठराव्या शतकात, छियानलोंग सम्राटाच्या काळात तयार झालेल्या प्रचंड ग्रंथसंग्रहाच्या सात हस्तलिखित प्रती केल्या गेल्या. त्यांतली शेनयांगची प्रत 1966 साली गान्सूला हलवली आणि ती आता लांचौच्या उत्तरेच्या डोंगरावर खास बांधलेल्या ग्रंथालयात आहे. एवढ्या कोरड्या हवेत कागद टिकतो, हे पाहता निवड योग्यच म्हणायची.

गान्सू प्रांतीय संग्रहालयाला किती वेळ द्यावा?

किमान अर्धा दिवस. प्रवेश विनामूल्य असतो, सोमवारी बंद, आणि पारपत्राच्या क्रमांकावर आधी नोंदणी करावी लागते. सुट्ट्यांच्या दिवसांत जागा लवकर भरतात.

सगळे जातात ते कांस्य घोडा पाहायला. 1969 साली वूवेई इथे लेइताइ नावाच्या टेकाडाखाली गावकरी भुयार खणत असताना पूर्व हान राजवटीच्या काळातलं (इसवी सन 25 ते 220) एक थडगं लागलं. त्यात कांस्याच्या घोड्यांची आणि रथांची मिरवणूकच निघाली. त्यातला हा एक: उंची फक्त 34.5 सेंटिमीटर, तीन पाय हवेत आणि चौथा उडत्या पक्ष्याच्या पाठीवर. सगळ्या घोड्याचा तोल त्या एका खुरावर साधला आहे. 1971 साली क्वो मोरुओ या विद्वानाचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि मग तो जगभर पोहोचला. 1983 पासून तो चीनच्या पर्यटनाचं चिन्ह आहे. संग्रहालयाच्या दुकानात त्याचं दात काढून हसणारं हिरवं, मऊ खेळणं मिळतं. 2022 साली ते इतकं लोकप्रिय झालं की साठा पुरेना.

घोडा पाहून लगेच परत फिरू नका. माजियायाव संस्कृतीची रंगीत मडकी जरूर पाहा. चार-पाच हजार वर्षांपूर्वी पिवळ्या नदीच्या या पट्ट्यात राहणाऱ्या कुंभारांनी काळ्या रंगात पाण्याच्या भोवऱ्यांसारखी जी नक्षी काढली आहे, तिच्यासमोर मी किती वेळ उभा होतो ते मलाच कळलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जियायुक्वानजवळच्या थडग्यातली चित्रित वीट. तिच्यावर घोडा दौडवणारा टपालदूत आहे आणि त्याला तोंडच रंगवलेलं नाही. निरोप गुप्त राहावा म्हणून, असं सांगितलं जातं. तिसरी, चिंगयुआन इथे 1988 साली सापडलेली सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तबकडी. ती भूमध्य समुद्राकडून आलेली आहे आणि मध्यभागी ग्रीक देव डायोनिसस बसलेला आहे. रेशीम मार्ग म्हणजे काय, हे ती एक तबकडी सांगते.

बिंगलिंग लेणी एका दिवसात होतात का? अजिंठा पाहिलेल्यांनी ती का पाहावीत?

एका दिवसात होतात, पण सकाळी लवकर निघायला हवं. लांचौहून रस्त्याने लिऊजियाश्या धरणापर्यंत, तिथून जलाशयातून वेगवान बोटीने सुमारे तासभर. पाण्याची पातळी खूप खाली गेली किंवा हवा बिघडली तर बोटी बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलातून चौकशी करून घ्या. धरणाजवळ ताओ नदी येऊन मिळते, तिथे निळसर पाणी आणि मातकट पाणी यांच्यातली रेघ स्पष्ट दिसते. नंतर तांबूस दगडाचे उंच सुळके सुरू होतात आणि त्यांच्या आडोशाला लेणी.

अजिंठा पाहिलेल्यांनी तर ही मुद्दाम पाहावीत. क्रमांक 169 च्या गुहेत भिंतीवर शाईने लिहिलेला लेख आहे, तो इसवी सन 420 चा. चीनमधल्या लेण्यांत सापडलेला हा सर्वांत जुना तारीख असलेला लेख मानला जातो. म्हणजे अजिंठ्याला वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली लेणी कोरली जात होती त्याच्या साधारण चाळीस वर्षं आधी इथे भिक्षू आणि दाते एका नैसर्गिक गुहेत बुद्धमूर्ती घडवत होते. या मूर्तींचे अंगाला चिकटलेले पातळ वस्त्र आणि भरदार खांदे पाहिले की त्यांची नाळ भारताशी जुळलेली आहे हे सांगावं लागत नाही. फाहियान 399 साली भारताकडे निघाला तेव्हा त्याने पहिला वर्षावास याच भागातल्या पश्चिम छिन राज्यात केला होता.

गुहा उंच कड्यात आहे, शिड्यांनी चढावं लागतं आणि तिचं तिकीट वेगळं, महाग आहे. तरीही घ्या. इतकं लांब येऊन खालूनच 27 मीटर उंच बसलेल्या मैत्रेयाचा, म्हणजे भावी बुद्धाचा, फोटो काढून परतणं म्हणजे अजिंठ्याला जाऊन फक्त व्ह्यू पॉइंटवरून दरी बघण्यासारखं झालं. मैत्रेय तांग काळातला (सातवं ते दहावं शतक) आहे आणि भव्य आहेच, पण या जागेचा जीव 169 मध्ये आहे.

आणखी एक गोष्ट. 1960 च्या दशकात धरण बांधताना लेण्यांच्या पायथ्यापर्यंत पाणी येणार हे दिसत होतं. समोर संरक्षक बांध घातला, तरी खालची काही लेणी वाचवता आली नाहीत. एक निद्रिस्त बुद्धमूर्ती तुकड्यांत काढून हलवावी लागली. ती आता समोरच्या बाजूला पुन्हा जोडून ठेवली आहे, पूल ओलांडून जाऊन पाहा. 2014 साली बिंगलिंग लेण्यांचा समावेश रेशीम मार्गाच्या जागतिक वारसा स्थळात झाला.

चिनी प्रवासी युआन श्वांग (ह्युएन त्संग) लांचौवरून गेला होता का?

हो. त्याच्या चरित्रात तो छिनचौ, लांचौ आणि लियांगचौ (आजचं वूवेई) असा गेल्याचं सांगितलं आहे. लांचौला तो एकच रात्र राहिला. सातव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातली ही गोष्ट. बाहेर जायला सम्राटाची परवानगी नव्हती, तरी तो निघाला.

महाराष्ट्राशी असलेला धागा इथेच आहे. हाच युआन श्वांग, ज्याला आपण शाळेत ह्युएन त्संग म्हणून शिकलो, साधारण 641 साली महाराष्ट्रात आला. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि इथल्या लोकांचा स्वाभिमानी, उपकार न विसरणारा आणि अपमानाचा सूड घेणारा स्वभाव यांचं वर्णन त्याने लिहून ठेवलं. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचंही वर्णन त्याने केलं, दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्ती असलेल्या. अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात. तिथल्या सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आजही आहेत. लांचौच्या काठावर उभं राहिल्यावर मराठी माणसाला परकं वाटू नये, एवढं हे नातं नक्कीच आहे.

तिथलं प्रसिद्ध नूडल्सचं वाडगं गोमांसाचं असतं. शाकाहारी माणसाने काय करायचं?

लांचौचे हाताने ओढलेले नूडल्स हा या शहराचा प्राण आहे, आणि ते गोमांसाच्याच रश्शात असतात. मांसाचे तुकडे काढून दिले तरी रस्सा तोच. तेव्हा गोमांस चालत नसेल तर ते वाडगं सोडून द्या, ‘बिनमांसाचं’ सांगून फसगत करून घेऊ नका.

तरी दुकानात जाऊन पाहा जरूर. 1915 च्या सुमारास मा पावझ नावाच्या हुई मुस्लिम माणसाने स्वच्छ रश्शाची ही पद्धत रूढ केली असं मानतात. निकष पाच: रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, नूडल्स पिवळसर. कणकेत एका वाळवंटी झुडपाची राख घालत, त्या क्षारामुळे ती तुटत नाही. आता बहुधा तयार पूड वापरतात. कारागीर गोळा ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो आणि काही क्षणांत केसासारख्या बारीक तारांपासून तीन बोटं रुंद पट्टीपर्यंत हवं ते काढून देतो. लांचौकर हे सकाळी न्याहारीला खातात. चांगली दुकानं दुपारी दोन-अडीचनंतर बंद होतात.

शाकाहारींसाठी: न्यांगपी (गव्हाच्या सत्त्वाच्या गार, चिवट पट्ट्या, वर व्हिनेगर, मिरचीचं तेल, तीळ), गोड ‘ह्वे तौझ’ (वाटाणा आणि खारीक-बोरासारखं लाल फळ शिजवून केलेली दाटसर खीर), आंबवलेल्या ओट्सचं थंडगार थ्यान्पेइझ, सेलरीबरोबर परतलेले गोड लिलीचे कंद, बटाट्याचे असंख्य प्रकार, टोमॅटो-अंडं चालत असेल तर तेही. लिलीचे कंद इथली खासियत आहेत, कच्चेही गोड लागतात. उन्हाळ्यात पांढरं खरबूज खा. त्याचं बियाणं 1944 साली अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस घेऊन आले होते आणि इथल्या वाळूमिश्रित जमिनीला ते मानवलं.

चेंगनिंग रस्त्याच्या रात्रबाजारात दूध, अंडं आणि आंबवलेला भात यांचं गरम गोड पेय मिळतं. त्यात किंचित मद्यार्क असतो, पथ्य असेल तर लक्षात ठेवा. ‘मी मांस खात नाही, रस्सासुद्धा नको’ हे वाक्य चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. बोलून दाखवण्यापेक्षा ते कामाला येतं. घरून मेतकूट, चटणी, दशम्या नेल्या तर प्रवासात आधार होतो. बहुतेक मोठी खाण्याची दुकानं हुई लोकांची असल्याने तिथे डुकराचं मांस नसतं.

लोक नदीकाठी झाकणाच्या कपातून काय पीत बसलेले असतात?

सानपावताय. हिरवा चहा, खडीसाखर, लाल बोरं, मनुका, सुकं लोंगान (लिचीसारखं फळ), गोजी बेरी असं सगळं एका कपात आणि वरून उकळतं पाणी. पाणी संपलं की पुन्हा ओतून देतात, हवं तितक्या वेळा. संध्याकाळी नदीकाठच्या खुर्चीत बसून हे प्यायला मिळालं की दिवस सार्थकी लागतो.

कसं जायचं? शहरात फिरायचं कसं?

भारतातून थेट विमान नाही, चीनमधल्या दुसऱ्या शहरात बदलावं लागतं. मला विचाराल तर शीआनला उतरा, ते पाहा आणि तिथून द्रुतगती रेल्वेने साधारण तीन तासांत लांचौला या. रेशीम मार्गाची दिशा तीच आहे. द्रुतगती गाड्या बहुतेक लांचौ पश्चिम स्थानकावर येतात, जुनं लांचौ स्थानक वेगळं, तिकिटावरचं नाव नीट वाचा. विमानतळ शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटर लांब आहे, तिथून रेल्वे आहे.

शहरात मेट्रो उत्तम. पहिला मार्ग 23 जून 2019 रोजी सुरू झाला आणि तो पिवळ्या नदीच्या पात्राखालून जातो. या नदीखालून जाणारी ही चीनमधली पहिली मेट्रो.

व्हिसा, पैसे, इंटरनेट यांचं काय?

व्हिसा आधी काढावा लागतो. मुंबईत चीनचा वाणिज्य दूतावास आहे. नियम बदलत असतात, अर्ज करण्याच्या वेळी अधिकृत माहितीच पाहा. पैशांचे व्यवहार जवळपास सगळे अलीपे किंवा वीचॅटवर होतात. तुमचं आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड त्यांना निघण्याआधीच जोडून घ्या आणि थोडी रोकडही जवळ ठेवा. गूगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतात. भाषांतराचं अॅप ऑफलाइन उतरवून घ्या, इंग्रजी फारसं कुणाला येत नाही. रेल्वेचं तिकीट पारपत्रावर मिळतं, त्यामुळे ते कायम अंगावर हवं.

कोणत्या महिन्यात जावं? उंचीचा त्रास होतो का?

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, अख्खा चीन प्रवासात असतो. वसंतात कधी धुळीची वादळं येतात, हिवाळ्यात पारा शून्याखाली. लांचौ साधारण 1,500 मीटरवर आहे, त्रास होत नाही. हवा मात्र फार कोरडी, ओठ फुटतात. पुढे श्याह गावच्या लाब्रांग मठाला (स्थापना 1709) जाणार असाल तर ते तीन हजार मीटरच्या जवळपास आहे, तिथे पहिल्या दिवशी सावकाश चाला.

घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे. सगळ्या चीनमध्ये बीजिंगचीच वेळ असल्याने जूनमध्ये इथे साडेआठनंतर सूर्य मावळतो. संध्याकाळ लांबलचक मिळते.

नदी खरंच पिवळी दिसते का?

ऋतूप्रमाणे. वरच्या धरणांमध्ये गाळ अडत असल्यामुळे हिवाळ्यात आणि वसंतात लांचौला पाणी बरंच नितळ, हिरवट असतं. पावसाळ्यात गढूळ होतं. नदीतला बहुतेक गाळ लांचौच्या खाली, लोएस पठारावरून, म्हणजे वाऱ्याने साचलेल्या भुसभुशीत पिवळ्या मातीच्या पठारावरून, तिच्यात येतो. म्हणून एप्रिलमध्ये जाऊन ‘पिवळी कुठे आहे?’ असं विचारणारे बरेच भेटतात.

एकूण किती दिवस ठेवावेत?

तीन. पहिला पूल, पायता शान आणि काठ, दुसरा बिंगलिंग, तिसरा संग्रहालय आणि वूछुआन शान. मग रात्रीच्या गाडीने दुनह्वांग. दोनच दिवस असतील तर वूछुआन शान सोडा, बिंगलिंग सोडू नका.

तिथून आणण्यासारखं काय मिळतं?

कोरलेले लहान भोपळे. सुपारीएवढ्या भोपळ्यावर सुईच्या टोकाने निसर्गचित्रं आणि कविता कोरतात. यंत्राने कोरलेले स्वस्त मिळतात, पण हाताचं काम भिंगातून पाहिलं की फरक कळतो. सानपावताय चहाची तयार पाकिटं, संग्रहालयातला हिरवा घोडा हेही चांगलं. लिलीचे कंद आणायचे तर वाळवलेले, बंद पाकिटातले घ्या. ताजे कंद आणि खरबूज विमानाने आणू नका, परतताना सीमाशुल्क तपासणीत अडकतात. ते तिथेच पोटभर खाऊन घ्या.